नेदरलँड्समधील लायडनहून आईबाबांस

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण आणि थंडी यांविषयी मागे लिहिलेच आहे. बाबा, जग कोरियन मालिका आणि गाण्यांमागे धावत असताना मी प्रबंधासाठी कोरियातल्या जुन्या कुटुंबनोंदी का वाचत बसले आहे, आणि मामा म्हणतात तशी रांजणगावच्या एलजीत किंवा तळेगावच्या ह्युंदाईत दुभाषी म्हणून का लागत नाही, असे आपण विचारलेत. प्रश्न रास्त आहे, पण काळजीचे कारण नाही.

विद्यार्थी गाणी ऐकूनच येतात, हे खरे. इकडचे कोरियाविषयक विभाग भाषावर्गांतील गर्दीवर तगतात, त्यामुळे नेमणुकीच्या वेळी चित्रपट किंवा उत्तर कोरिया शिकवणाऱ्याचे पारडे जड ठरते. पूर्वी असे नव्हते. हार्वर्डमध्ये हा विषय उभा करणाऱ्या एडवर्ड वॅग्नर यांनी चोसन या जुन्या कोरियन राजवटीतील मुन्ग्वा ही सरकारी अधिकारी निवडण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चौदा हजारांहून अधिक लोकांची माहिती जुळवण्यात आयुष्यातील कितीतरी वर्षे घातली. 1392 पासूनच्या चोसन राजांच्या दरबारी नोंदी आज संगणकावर फुकट वाचता येतात, पण मूळ मजकूर अभिजात चिनीत असल्याने कोरियन शिकून झाल्यावर पुन्हा ती भाषा शिकावी लागते. प्रबंधाच्या चार वर्षांत हे बसत नाही, म्हणून हुशार मुलेही विसावे शतक गाठतात. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांना वाचक मिळत नाहीत, तशीच ही गत.

मालिकांवर प्रबंध लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. पण दर तीन वर्षांनी होणाऱ्या त्या कुटुंबनोंदींत घरप्रमुखाचे वडील, आजोबा, पणजोबा आणि आईचे वडील यांच्याखाली त्याच्या मालकीचे दासही नावानिशी सापडतात, आणि मालिकांतील वाड्यांमध्ये कोण राबत होते, हे मला तिथे दिसते. हे कोणीतरी वाचायला हवे.

इथली एक रीत मात्र अजून कळलेली नाही. प्रबंधाची जाहीर परीक्षा नेमकी पाऊण तास चालते. मग दंड घेतलेली एक अधिकारी व्यक्ती आत येऊन वेळ संपल्याचे लॅटिनमध्ये पुकारते, आणि उमेदवार उत्तराच्या मध्यावर असला तरी परीक्षा तिथेच संपते. उमेदवाराच्या बाजूला दोन सोबती नटूनथटून उभे असतात. त्यांनी काय करायचे असते, तर बहुतेक काहीच नाही! मैत्रिणीच्या परीक्षेला त्यांपैकी एक मी होते, आईची नारायणपेठ नेसून. तिचा विषय मालिकांचे प्रेक्षक, त्यामुळे सभागृह भरलेले होते. माझ्या वेळी इतके लोक नसतील, पण परीक्षक तेवढेच असतात.

आता जे सुरुवातीलाच लिहायला हवे होते ते. डिसेंबरनंतर माझे वेतन थांबेल आणि लिखाण आणखी वर्षभर चालेल. शिकवण्याचे थोडे काम मिळाले आहे, तेव्हा कर्जाचा हप्ता चुकणार नाही, फक्त घरखर्चासाठी पाठवते ती रक्कम कमी होईल. दादाच्या लग्नाला वैशाखात येता येणार नाही, कारण त्याच आठवड्यांत कोरियातील दफ्तर पाहण्याची परवानगी मिळाली आहे. आहेराचे पैसे त्याच्या खात्यात जमा केले आहेत. त्यांतून आईने स्वतःसाठी पैठणी घ्यावी, हप्त्याकडे वळवू नये. कराडच्या स्थळाला नकार कळवावा, आणि तो माझ्या नावाने कळवावा, म्हणजे आपल्याला कोणापुढे अवघडावे लागणार नाही.

आपली,
धाकटी