सातबारा कोरा आहे

कार्तिकी एकादशी, रात्री दहा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू गेलास त्याला आज आठ दिवस झाले. पोहोचल्याचा फोन आईला केलास. त्यात काही चुकलं असं म्हणत नाही, मीही तुला केला नाही. त्या दिवशी आई तुझ्या हातावर दही घालायला बाहेर आली तोवर गाडी ओढ्यापलीकडे गेली होती. वाटी घेऊन ती बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मग आत गेली आणि मला काही बोलली नाही. अजूनही त्यावर बोलत नाही.

फोनवर आपले दोघांचे आवाज चढतात, म्हणून लिहितोय. अक्काच्या लग्नानंतर कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. अक्षर समजून घे.

आईचा उपास आहे, ती झोपली. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, बाराला येईल. द्राक्षाच्या छाटणीला आज चोविसावा दिवस. घड बाहेर दिसायला लागलेत, घड नसलेल्या फेलफुटी काढून झाल्या. विहिरीकडच्या तुकड्यात माल चांगला निघालाय, माळावर थोडा कमी. तीन दिवस ढग होते, आज निवळलंय. रोज सकाळी पानं उलटून बघतोय. अजून डावण्याची बुरशी नाही.

नोकरी सोडून बागेवर यायचं आणि जमिनीवर कर्ज काढून बागेला आच्छादन करायचं, हे सांगताना तू म्हणालास, "अण्णा, मी सल्ला मागायला आलो नाही, सांगायला आलोय." मला ते लागलं. आणि मी म्हणालो, "मग माझी सही कशाला पाहिजे?" ते मी म्हणायला नको होतं. घरात सणाची माणसं होती, चिऊ बघत होती. बापाच्या तोंडी ते शोभलं नाही. त्याबद्दल आधी लिहितो, कारण पुढे लिहिण्याच्या भरात ते राहून जाईल.

तू लॅपटॉपवर दाखवलेला हिशेब मला पटला नाही असं समजू नकोस. एकरी पाच लाखांच्या आसपास प्लॅस्टिकचं आच्छादन, दोन एकराचे दहा लाख, पाऊस आला तरी घड कोरडे, फवारण्या कमी, मालात औषधाचा अंश कमी. सगळं नीट मांडलं होतंस. दुसऱ्या दिवशी मी ते तात्याला सांगितलं, सोसायटीच्या कट्ट्यावरही सांगितलं. पोराने कंपनीत क्वालिटीचं काम केलंय, त्याची नजर वेगळी आहे, असं मीच चार माणसांत बोललो. तुझ्यासमोर बोललो नाही, एवढंच.

माझं विचारणं एकच आहे. सूनबाईला सांगितलंस का?

तू कर्जाचं बोलत होतास आणि ती चहा घेऊन ओसरीवर आली. तू लगेच फटाक्यांच्या किमतीवर बोलायला लागलास. ती कप ठेवून आत गेली आणि तू परत कर्जावर आलास. मी ते पाहिलं. त्यानंतर तू जे जे सांगितलंस त्यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. तू समजलास, अण्णांना आच्छादन कळलं नाही.

तुझ्या आजोबांची, आबांची गोष्ट तुला पुरती माहीत नाही. १९९४ साली मी माळाची ज्वारी मोडून तास-ए-गणेश द्राक्षाची बाग लावायची ठरवली. तेव्हा आपल्या तासगाव भागात ज्याच्या विहिरीला पाणी तो द्राक्षाकडे वळत होता. दगडी खांब, अँगल, तारा, सगळ्याला पैसा लागत होता. जमीन आबांच्या नावावर. मी कागद घेऊन त्यांच्यापुढे बसलो तर म्हणाले, "पोरा, जमीन कागदावर ठेवून बाग हुबी करतूस, पण पाऊस कुटल्या कागदावर सही करतोय?" आबांनी ७२चा दुष्काळ पाहिला होता. दुष्काळी कामावर त्यांनी आणि आजीने खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या वर्षी सगळं गेलं, पण जमीन राहिली, हेच ते जन्मभर धरून बसले होते. मी दीड महिना त्यांच्याशी बोललो नाही. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "आण तो कागद." सही केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टिकाव घेऊन खड्डे काढायला माझ्याआधी माळावर. त्यांना ते पटलं नव्हतं. शेवटपर्यंत पटलं नाही. पण पहिला माल निघाला तेव्हा पहिली पेटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून टेम्पोपर्यंत नेली, कुणाला हात लावू दिला नाही.

हे सांगायला बसलो नव्हतो. तुला सल्ला द्यायला बसलो की मला आबाच आठवतात.

सांगायचं होतं ते २००९चं. तू तेव्हा शाळेत होतास, तुला घरातली शांतता आठवत असेल, कारण माहीत नसेल. अर्धं आईकडून कळलं असेल. माझ्याकडून कधी कळलं नाही.

२००९च्या उन्हाळ्यात मी माळाची जुनी बाग काढून डॉगरीज खुंटावर नवी लावली. सोसायटीचं कर्ज होतंच, ते पुरलं नाही म्हणून एका पतसंस्थेकडून सव्वा चार लाख घेतले, जमीन तारण देऊन. आईला सांगितलं नाही. सोसायटीतूनच सगळं भागलं, असं सांगितलं. तिला काळजी नको, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे ती नको म्हणेल याची भीती होती. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला तेव्हा कळत होता.

नोव्हेंबरात फयान वादळ आलं. तिकडे समुद्रात वादळ आणि इकडे विहिरीकडच्या जुन्या बागेवर पाऊस, ऐन फुलोऱ्यात. पहाटे चारला मी आणि तात्या वेली हलवून पाणी झाडत होतो, भिजलेल्या बागेत पावडर धुरळत होतो. चार दिवसांत घड तपकिरी पडले. तीन हिश्श्यांतला एक हिस्सा वाचला, तो एका निर्यातदाराला दिला. २०१० साली युरोपात आपल्याकडच्या द्राक्षांत सीसीसीचा अंश जास्त सापडला. वर्षानुवर्षं सगळे वापरत होते ते संजीवक, कुणालाच वावगं वाटलं नव्हतं. माल तिकडे अडकला आणि माझे पैसेही. पुढे तो माणूस फोनच उचलायचा बंद झाला.

दीड वर्ष मी हप्ता चुकवत राहिलो आणि घरी हसत राहिलो. तुझ्या आईला कळलं ते चावडीवर. रेशन आणायला गेली होती. भिंतीवर जप्तीच्या नोटिशीत माझं नाव वाचलं. तिच्या हातात रॉकेलचा कॅन होता, तो तिने रांगेतच ठेवला आणि घरी आली. मी गोठ्यात होतो. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने हातातल्या पाटल्या काढून दावणीच्या कठड्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "पैशाचं काही नाही हो. मला परकं का केलंत?"

बाळा, त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पुढचे दोन हंगाम ती बेदाण्याच्या शेडवर निवडायला गेली. तू विचारायचास, आईच्या अंगाला गंधकाचा वास का येतो. बागायतदाराची बायको दुसऱ्याच्या शेडवर रोजंदारीने बसते, हे गावाने पाहिलं. त्याचं मला दुःख नाही, काम ते काम. पण त्या दोन वर्षांत ती माझ्याशी जेवण, पाणी, लाईट एवढंच बोलली. पैसे फिटतात. ते दोन हंगाम फिटले नाहीत.

म्हणून विचारतो. तू कमी पडशील म्हणून नाही. तू माझ्यासारखं करू नयेस म्हणून.

सूनबाईचं घर वेगळं आहे. तिच्या वडिलांनी तुझी चाकणची नोकरी बघून मुलगी दिली, हे त्यांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं. शेती आहे हे कळल्यावर आधीच्या दोन ठिकाणांहून काय निरोप आला होता, आठव. आता तिची शाळेतली नोकरी, चिऊचा बालवाडीचा प्रवेश, घराचं भाडं, हे सगळं तुझ्या एका निर्णयाने हलणार आहे. ती नाही म्हणेल असं तू धरून चाललायस. कशावरून? ती शिकलेली मुलगी आहे. दिवाळीत ती आईबरोबर बागेत गेली तेव्हा कोणत्या काडीला किती घड ठेवायचे असं विचारत होती. आईने मला आल्या आल्या सांगितलं, फार कौतुकाने. आणि समजा नाही म्हणाली, तर तो नकारसुद्धा तुझ्या हिशेबात यायला पाहिजे. लॅपटॉपवर पावसाचा रकाना होता, व्याजाचा होता, मजुरीचा होता. तिचा कुठे होता?

पुन्हा उपदेश झाला. माफ कर. तू एकतीस वर्षांचा आहेस, तुझ्या हाताखाली माणसं काम करतात. मी मात्र तुला अजून हॉस्टेलला सोडायला आल्यासारखा बोलतो.

सांगलीच्या स्टँडवरचं माझं वाक्य तू त्या दिवशी मला परत दिलंस. "मागे वळून बघू नको म्हणालात आणि आता वळलो तर तोंड फिरवता." खरं आहे. २०१२ साली सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात तुझा प्रवेश झाला. ट्रंक तुझ्या खोलीवर ठेवून मी परतीच्या गाडीला आलो, तू सोडायला आलास, तेव्हा म्हणालो होतो, शेतीकडे वळून बघू नकोस. तेव्हा नोटिशीला वर्षच झालं होतं. तो सल्ला नव्हता, माझी हार होती. मी ती तुझ्या ट्रंकेवर ठेवून आलो आणि तू ती इतकी वर्षं सांभाळलीस. गाडीत बसल्यावर बराच वेळ डोळ्यांना पाणी होतं. फी भरता आली याचा आनंद होता, आणि माझ्या मागे या बागेत कुणी येणार नाही याचंही वाईट वाटत होतं. आता तू येतो म्हणतोस तर आनंद व्हायला हवा. होतोही. परवा माळावर एकटाच उभा होतो आणि आच्छादन कुठून कुठपर्यंत येईल ते पावलांनी मोजत होतो. आईला सांगू नकोस.

आणि सातबाऱ्याचं. २०१६ला तुझी नोकरी लागली, पहिल्या पगारापासून तू हप्ते भरलेस. २०१९च्या पाडव्याला इतर हक्कातला बोजा कमी झालेला उतारा तू तलाठ्याकडून आणलास आणि माझ्या हातात दिलास. मी तो देवघरात ठेवला. आई अजून सणाला त्याला हळदकुंकू लावते, उतारा पार पिवळा झालाय. तीन वर्षं तू मित्रांबरोबर कुठे फिरायला गेला नाहीस, एकाच बुटावर दोन पावसाळे काढलेस. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. जमीन माझ्या नावावर असली तरी सोडवलेली तुझी आहे. म्हणून सही अडवायचा मला काय अधिकार, हे आठ दिवस मनात घोळतंय. ज्याने बोजा उतरवला त्याने तो परत चढवायचा म्हटलं, तर मी कोण?

कंपनीत काही झालंय का? रात्री फोन आला की तू मागच्या दाराने बाहेर जात होतास. असेल तर तेही सांग. नसेल तर माझ्या मनाचे खेळ समज.

एक सुचवतो, पटलं तर बघ. दोन्ही एकर एकदम नको. विहिरीकडचा एक एकर आधी घे, एक ऑक्टोबर छाटणी त्याच्याखाली काढून बघ. नोकरी वर्षभर सोडू नकोस, मी आणि तात्या आहोत. सूनबाईला आणि चिऊला फेब्रुवारीत माल काढणीला आठ दिवस इकडे आण. सणाला आलेल्या घराची आणि काढणीतल्या घराची कळा वेगळी असते. मजुरांचा चहा, पहाटेचा टेम्पो, दर पडल्यावरची तोंडं, हे तिने पाहू दे. मग काय ते दोघांनी मिळून ठरवा. आम्हाला शेवटी सांगितलंत तरी चालेल.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट करून ठेवलंय, तात्याचा मुलगा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. चिऊची निळी चप्पल इथेच राहिली आहे, तीही देतो. ती फोनवर "आजोबा, मोटर चालू केली का" असं विचारते, ते मला फार आवडतं. तिला म्हणावं आज बाराला करणार आहे.

हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकतोय, घरच्या नाही. म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल. सूनबाईला जे सांगायचं ते तू सांगायचं आहे, माझ्या पत्रातून तिला कळायला नको.

तुझा,
अण्णा

ता. क. संमतीपत्र सोबत आहे. सही केली आहे, साक्षीदार म्हणून तात्याची घेतली आहे. आईला आधी दाखवलं, तिने दोनदा वाचलं. तारखेची जागा रिकामी ठेवली आहे. सूनबाईशी बोलणं होईल त्या दिवसाची तारीख तू घाल.