माझ्या वाटणीचा रोजा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘डॉक्टरांनी तुझे रोजे बंद केलेत, तर एक मी तुझ्या वतीने धरतो, तेवढाच तुझ्या खात्यावर जमा’ हे वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि घरात हशा पिकला. बायको म्हणाली, ‘भावजींना विचारा, सकाळचा चहा सोडवेल का?’ चहाचं तू बघ. खात्यावर जमा मात्र व्हायचं नाही. जिवंत माणसाचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही. रोजे राहिलेले असताना कुणी वारला, तर ते वारसाने धरावेत की त्याबदल्यात अन्न द्यावं, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण मी अजून वारलेलो नाही, तेव्हा तो वाद आपल्याला लागू नाही.

गेल्या रमजानात काय झालं ते मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. थोडी लाज वाटत होती, म्हणून.

एकविसावा रोजा होता. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, मधुमेहाची गोळी घेतली की दिवस निघतो, हा हिशेब माझा मीच केलेला. गोळीची मात्रा, तिची वेळ, काहीच डॉक्टरांना विचारलं नव्हतं. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढून घरी आलो आणि शर्ट बदलायला लागलो, तर वरचं बटण सुटेना. मला वाटलं, काजच आवळलंय. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर दिसलं की बोटं थरथरताहेत. पंखा चालू, तरी बनियन घामाने चिंब. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मशीन आणलं, बोट टोचलं. (रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे तिला पाठ आहे.) आकडा आला 58. साखर 70 च्या खाली गेली की रोजा तिथेच सोडायचा, वेळ कितीही थोडा उरलेला असो, ही ओळ आमच्या फ्रीजवर चिकटवलेली होती. मधुमेहाच्या एका शिबिरात ऐकून मीच लिहिलेली, माझ्याच अक्षरात. तिने साखरपाण्याचा पेला पुढे केला. आणि मी म्हणालो, ‘चाळीसच मिनिटं राहिलीत मगरिबला.’ मगरिब म्हणजे सूर्यास्त, रोजा सुटायची वेळ.

पेला मी हाताने सारला. निम्मं पाणी तिच्या अंगावर सांडलं. मग फक्त दातांवर चमचा आपटल्याचा आवाज आठवतो, आणि जिभेवर गोड.

डॉक्टर काय बोलले असतील ते तू ओळखशील. पण त्यांच्यापेक्षा मौलाना जास्त रागावले. मी त्यांच्याकडे गेलो होतो तो थोडी शाबासकी मिळेल या आशेने, खोटं कशाला बोलू. त्यांनी आधी कुरआनातल्या दुसऱ्या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या, आयती (वचनं) काढल्या. रोजे फर्ज, म्हणजे सक्तीचे, केल्याची आयत 183 वी. तिला लागूनच 184 व्या आयतीत सूट येते : आजारी असाल, प्रवासात असाल, तर दुसऱ्या दिवसांत तेवढी संख्या भरून काढा. 185 व्या आयतीत तीच सूट पुन्हा, आणि वर खुलासा की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. मग त्यांनी मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली.

हिजरी सन 8. पैगंबर रमजानात मदिनेहून मक्केकडे निघाले होते, सोबत मोठा जमाव. सगळ्यांचे रोजे. वाटेत कुराउल गमीम नावाच्या ठिकाणी लोकांना रोजा जड जाऊ लागल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी पाण्याचा पेला मागवला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि पाणी प्यायले. थोड्या वेळाने कुणीतरी सांगितलं, काही जणांनी अजून रोजा सोडलेला नाही. त्यावर ते म्हणाले, ‘ते अवज्ञा करणारे आहेत.’ एकदा नाही, दोनदा म्हणाले.

‘तुम्ही पेला सारलात,’ मौलाना म्हणाले. बस, एवढंच.

मी आठवडाभर त्यांच्यावर रुसून होतो. त्या चाळीस मिनिटांत मला नक्की काय वाचवायचं होतं, हे मग हळूहळू उलगडत गेलं. पहिला रोजा मी 1983 मध्ये धरला, नऊ वर्षांचा असताना. जून महिना, दिवस वर्षातले सर्वांत मोठे. तेव्हापासून माझे रोजे किती झाले, कजा (चुकलेले, नंतर भरून काढायचे रोजे) किती राहिल्या, सगळं मी एका वहीत मांडत आलोय. आयुष्यभरात सहा कजा, त्याही फेडलेल्या. ही वही मी कुणाला दाखवत नाही, पण ती आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण मीच तिचा विषय काढतो. तुझ्याजवळही काढला असेल. तेव्हा पेला सारला तो रोज्यासाठी की वहीसाठी, हे तुला वेगळं सांगायला नको.

हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2016 मध्ये तो पुन्हा जूनमध्ये आला. माझं एक चक्र पूर्ण झालं. थंडीतले आखूड रोजे झाले, परीक्षांतले झाले, लग्नाच्या धावपळीतले झाले. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागेल, जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटाला दुसरा. 1997 मध्येही तसंच झालं होतं. वहीत त्या वर्षाला दोन पानं लागली. मी 2030 ची पानंही आखून ठेवली होती, आता तूच बघ मी कसला माणूस आहे ते.

तर या वर्षी रोजा नाही. डॉक्टरांच्या मते पुढेही नाही. आजार बरा होणारा असेल तर नंतर कजा धरायची. बरा होणारा नसेल, किंवा वय झालं असेल, तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदया म्हणतात. माझं नाव या दुसऱ्या यादीत गेलं. तीस दिवस, तीस जणांचं अन्न.

तुला वाटेल, सुटलास, मजा आहे. अरे, दुपारी एक वाजता घरात ताट वाढून घेणं हा काय प्रकार असतो ते मला विचार. कुणी काही म्हणत नाही. सून उलट आठवण करते, ‘अब्बा, गोळीची वेळ झाली.’ तरी मी आतल्या खोलीत जातो, दार लोटतो आणि ताटलीचा आवाज होऊ नये म्हणून भात हळूहळू कालवतो. चोरासारखा. इतकी वर्षं उपाशी पोटी दुपारी मी कधी एवढा अस्वस्थ झालो नव्हतो. एकदा दार उघडलं आणि सात वर्षांची नात आत आली. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘नाना, तुम्ही विसरून खाताय का?’

का विचारलं ते सांगतो. तिने त्याच दिवशी पहिला रोजा धरला होता. वयात येण्याआधी रोजा सक्तीचा नसतो, पण पोरांना हौस. अकराच्या सुमारास खेळून आली, सवयीने पेला भरला आणि गटागटा प्यायली. मग आठवलं. तोंडातलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये थुंकून तिने जो हंबरडा फोडला, शेजारी गोळा झाले. तिला मीच मांडीवर घेऊन सांगितलं होतं, की विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही, पुढे चालू ठेवायचा; अल्लाहनेच खाऊपिऊ घातलं असं समजायचं. ही माझी गंमत नाही, हदीसच आहे, म्हणजे पैगंबरांचं सांगणं. तिचा चेहरा असा काही खुलला की विचारू नकोस. मी मात्र ताटासमोर बसून तिला ‘हो, विसरलो’ म्हणू शकलो असतो, आणि म्हणालो नाही. म्हटलं, ‘नाही बेटा, मला परवानगी आहे.’ ती म्हणाली, ‘मग दार का लावलं?’

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातच जेवतो.

आणखी एक गंमत बघ. नमाज चारचौघांत होते, जकात घेणाऱ्याला कळते, हजला गेलेला तर सगळ्या गावाला ठाऊक. रोज्याला साक्षीदार नसतो. न्हाणीघरात घोटभर पाणी प्यायलं तर कोण बघणार? म्हणून एका हदीसमध्ये अल्लाहचं म्हणणं आहे की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. धरलेला रोजा दिसत नाही. न धरलेला मात्र लगेच दिसतो. दर वर्षी इतरांचे न धरलेले रोजे मोजणाऱ्यांत मी होतो, तेही कबूल करून टाकतो.

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं : उत्तर ध्रुवाकडे सूर्य मावळतच नाही, तिथे काय करतात? कुणी मक्केची वेळ धरतात, कुणी जवळच्या अशा शहराची, जिथे दिवस-रात्र धड होते. उंचीचीही भानगड आहे. दुबईच्या बुर्ज खलिफात वरच्या मजल्यांवर सूर्य जरा उशिरा मावळतो, म्हणून 2011 मध्ये तिथल्या मुफ्तींनी 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना दोन मिनिटं आणि 150 च्या वरच्यांना तीन मिनिटं थांबून रोजा सोडायला सांगितलं होतं. मलेशियाचा अंतराळवीर 2007 च्या रमजानात वर गेला, तेव्हा त्याच्यासाठी नमाज-रोज्याची पुस्तिकाच निघाली. उड्डाण जिथून झालं तिथली वेळ धरायची. आणि प्रवासी असल्याने रोजा पुढे ढकलायची मुभा त्यालाही होतीच.

बरं, माझ्या वतीने नाही, पण स्वतःच्या हौसेने एक दिवस उपाशी राहायचंच असेल तर ये. मी तुला नाही म्हणणार नाही. काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

सहरी चुकवू नकोस. ‘रात्रीच भरपूर जेवून झोपतो’ असं म्हणणारे शूर दुपारी दोनला आडवे होतात. सहरी जितकी उशिरा तितकी चांगली. पैगंबरांची सहरी आणि फजरची (पहाटेची) नमाज यांत किती अंतर असायचं, असं विचारल्यावर एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, पन्नास आयती पढायला लागतील एवढं. बघ, घड्याळ नव्हतं तेव्हा वेळ अशी मोजायचे. पहाटेचा काळा धागा आणि पांढरा धागा वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असं कुरआनात आहे. ते ऐकून अदी बिन हातिम नावाच्या गृहस्थाने खरंच एक काळा आणि एक पांढरा धागा उशीखाली ठेवला आणि रात्रभर उठून उठून बघत राहिला. दोन्ही सारखेच दिसत होते. पैगंबरांना सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं, की काळा म्हणजे रात्रीचा अंधार आणि पांढरा म्हणजे पहाटेचा उजेड. मला हा माणूस फार आवडतो.

भुकेचं काही वाटणार नाही. तुझं डोकं दुखेल, ते चहा न मिळाल्याने. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आण. दुपारनंतर जीभ टाळूला चिकटते आणि माणूस चिडतो. खरी परीक्षा तिथे. आपल्या त्या मित्राचं नाव निघालं की तू जे बोलतोस, ते त्या दिवशी बोलायचं नाही. जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, असं पैगंबरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तू आणि मी एकत्र बसून दिवसभर गप्प राहणार. अवघड आहे.

मगरिबची अजान झाली की उशीर करायचा नाही. खजूर, पाणी. पहिला घोट घशाखाली उतरताना छातीपर्यंत कळतो, अगदी रेघ ओढल्यासारखा. त्या वेळी पढायची एक छोटी दुआ आहे, तिचा अर्थ असा : तहान गेली, नसा ओलावल्या आणि अल्लाहने चाहिलं तर मोबदला पक्का झाला. किती साधं बोलणं आहे बघ. नसा ओलावल्या! गेल्या वर्षीपर्यंत मी ती दुआ रोज घाईत उरकायचो. या वर्षी दस्तरखानावर सगळ्यांसोबत बसतो, पण ती पढताना अडखळतो. माझ्या नसा दुपारीच ओलावलेल्या असतात.

सहरीला अजूनही उठतो. गजर माझाच, सगळ्यांना हाका मारायचं काम माझं. तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजेला, जातो, मागे खुर्चीवर बसतो. शेवटच्या दहा रात्री जमतील तेवढ्या जागणार आहे.

आणि फिदया. सगळे पैसे एकदम देऊन मोकळं होता आलं असतं, पण मला ते बिल भरल्यासारखं वाटलं. म्हणून रोज दोन वेळचं जेवण एका डब्यात भरतो आणि स्वतः नेऊन देतो. एक एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, वय माझ्याहून जास्त. पहिल्या दिवशी दुपारीच डबा घेऊन पोचलो. त्यांनी तो घेतला, झाकण न उघडता कपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘मगरिबला खाईन, उरलेलं सहरीला होईल.’ त्यांचा रोजा होता, आणि मी नुकताच जेवून गेलो होतो. जिना उतरेपर्यंत काही सुचलं नाही. तिसऱ्या मजल्यावर जरा टेकलो.

आता डबा दुपारी नेत नाही, असरनंतर नेतो. चौथा मजला, लिफ्ट नाही. तू येशील त्या दिवशी डबा तू उचल. रोजा धरून चार जिने चढायचे म्हणजे काय ते कळेल, आणि मी मागून रिकाम्या हाताने येईन. रविवार धरून ये. मात्र आदल्या रात्रीच मुक्कामाला पोच, सहरीला तुला उठवायचं काम नात करणार आहे. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की पाहुण्याला विसरून पाणी प्यायची एकदाच सूट मिळेल.

वहिनींना सलाम सांग.

तुझा,
जुना मित्र