अटकेची खबर घरच्यांना द्यावीच लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतील एका निवृत्त गुरुजींना गेल्या महिन्यात ‘मुंबई क्राईम ब्रँचमधून बोलतोय’ असा फोन आला. तुमच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही ‘डिजिटल अटकेत’ आहात, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही आणि बायकोलाही काही सांगायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. गुरुजी माळवदावरच्या खोलीला आतून कडी घालून दोन तास बसून होते. नळाला पाणी आले म्हणून शेजारच्या मुलाने दार वाजवले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. तोवर मुदत ठेव मोडायची कबुली देऊन झाली होती.

‘कुणाला सांगू नका’ या अटीतच ही लबाडी उघडी पडते, कारण कायदा नेमके उलट सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या पोलिसाचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते, अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते आणि आरोपीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे; मग अटक कुठली?

तरीही शिकलेली माणसे फसतात, याचे कारण मला अब्रूच्या धाकात दिसते. ठाण्याची पायरी चढलो नाही, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, आणि त्यातून समोरचा रुबाबदार हिंदी बोलू लागला की तो मोठा साहेबच वाटतो. (आपल्या ठाण्यातला जमादार असा बोलत नाही, एवढे तरी ध्यानात यायला हवे होते, असे गुरुजी आता स्वतःच म्हणतात.)

पैसे गेलेच तर लाजेपोटी दिवस न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवली जाण्याआधी कळले, तरच ती रोखता येण्याची आशा असते. बँकांनाही विनंती आहे की, एखादे वयस्कर खातेदार कानाला फोन लावून घाईने ठेव मोडायला आले, तर काउंटरवरील कर्मचाऱ्याने त्यांना बाजूला बसवून, पाणी देऊन, ‘घरी कुणाला माहीत आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.

– एक निवृत्त कर्मचारी, अंबाजोगाई (जि. बीड)