गाजराची साक्ष

प्रिय चाळणीबाई,

तुझं पत्र येऊन आठ महिने झाले. ते फ्रीजवरच्या डब्याखाली ठेवलंय. रोज दूध काढताना त्याचं टोक दिसतं आणि मी रोज तिकडे न बघता दार लावते. कारणं सांगत बसत नाही. खोटी तू ओळखशील आणि खरं असं एकही नाही. तब्येत बरी. बीपी गोळीच्या धाकात आहे, ह्यांची पाठ नेहमीसारखी कुरकुरते. झालं.

लिहायला बसले ते सुपावरून. हसून घे आधी.

लेक पुढच्या महिन्यात एकटी राहायला जातेय. मी भांडी काय देऊ, पांघरुणं किती देऊ या हिशेबात, आणि हिने मागितलं काय, तर "आजीचं टोमॅटो सूप लिहून दे. अंदाजपंचे नको, ग्रॅममध्ये." मी म्हटलं, त्यात काय, एका कागदाचं काम. बसले की लिहायला! टोमॅटो "असतील तेवढे", कांदा "एखादा", मीठ "बेताचं", पाणी "बुडेल इतकं". आईचं सगळं स्वयंपाकशास्त्र या चार शब्दांत आटोपलं होतं. मग वजनकाटा काढला आणि पंधरा दिवसांत सहा वेळा सूप केलं. घरातली माणसं टोमॅटोच्या रंगाची झाली असतील.

सहाव्या खेपेला जमलं असं वाटलं. १ किलो टोमॅटो, २ मध्यम कांदे लोण्यावर अगदी मंद आचेवर २० मिनिटं, तांबूस होऊ न देता, नुसते काचेसारखे. १ गाजर. १ तमालपत्र. पाणी फक्त अर्धा लिटर, कारण टोमॅटोत ९४ टक्के पाणीच असतं, हे मला या वयात कळलं. मीठ १० ग्रॅम. २५ मिनिटं झाकून. वाटलं, गाळलं, चमचाभर साय. चव घेतली आणि खरं सांगते, डोळे भरून आले. म्हटलं, हेच ते.

त्याच संध्याकाळी दादा आला. सध्या आमच्याकडेच आहे, त्याच्या घरी रंगकाम चालू आहे. त्याच्यापुढे वाटी ठेवली, काही बोलले नाही. त्याने एक चमचा घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाला, "छान झालंय. पण हे आईचं नाही. हे तुझ्या त्या खोलीवरच्या मैत्रिणीचं सूप आहे."

बोल आता.

मी भांडले. अर्थात भांडले. तो शांतपणे पावाचा तुकडा बुडवत म्हणाला, "आईच्या सुपात सालं टाळूला चिकटायची. मिरी दाताखाली यायची. आई रवीनं घुसळायची, गाळायची कुठे? आणि ते असं गोड नव्हतं." आणि दोन वाट्या संपवल्या, वर तिसरी मागितली. दादा तो दादाच.

रात्री झोप नाही. पडल्यापडल्या उलटं मोजत गेले. गाळायला कधी लागले? लेक लहान असताना, ती सालं थुंकायची म्हणून. मिरीची पूड कधीपासून? मिक्सरचं छोटं भांडं आलं तेव्हापासून. साय? ती तर सरळ तुझी. एकेक बदल एवढासा, त्या त्या वेळी शहाणपणाचा. आणि वीस वर्षं मी या घराला तुझं सूप आईच्या नावावर पाजतेय! अगं, सालांसकट सूप हेच खरं सूप, असं म्हणून मी तुझ्याशी तीन दिवस अबोला धरला होता. तू मला चोथाबाई म्हणालीस ते तेव्हाच. त्या भांडणात मी जिंकले असं इतकी वर्षं समजत होते आणि घरात येऊन तूच राज्य करतेयस.

एक मात्र ऐक, याबाबतीत मी आजही तसूभर हलणार नाही. तू शिजवायच्या आधी टोमॅटो चिरून बियांभोवतालचा तो बुळबुळीत गर बोटानं काढून टाकायचीस. आठवतं? "पाणचट लागतो" म्हणून. तर इंग्लंडमध्ये रेडिंगच्या विद्यापीठातल्या लोकांनी २००७ साली मोजून दाखवलंय की टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे ज्यानं जिभेवर ती भरीव, मांसल चव येते ते, बाहेरच्या गरापेक्षा त्या बुळबुळीतच कितीतरी जास्त असतं. तू सूप फेकून देऊन भांडं उकळत होतीस, बाई. गाळायचं तर शिजल्यावर गाळ, निदान तो रस तरी खाली उतरतो.

आणि ते फाटलेलं सूप! चार जणी जेवायला, आपल्याकडे एकच विजेची शेगडी, आणि तू उकळत्या टोमॅटोत भसकन दूध ओतलंस. वर "मुद्दाम केलंय, पनीर सूप" असं तोंड वर करून सांगितलंस आणि त्या बिचाऱ्यांनी खाल्लं. मला मात्र नंतर दूध शिळं आणल्याबद्दल आठवडाभर ऐकवलंस. दूध ताजं होतं. टोमॅटो इतका आंबट की त्यात दुधातलं केसीन गोळा होणारच. आधी लोण्यात मैदा परतून दूध दाट करायचं, मग त्यात टोमॅटोचा रस थोडा थोडा घालायचा आणि पुढे उकळू द्यायचं नाही, म्हणजे फाटत नाही. इतक्या वर्षांनी निर्दोष सुटले मी.

पण मूळ गोष्ट राहिलीच. सालं, मिरी, साय, हे सगळं मी मान्य करते. तुझं तुला परत. अडलंय ते गाजरापाशी.

दादा म्हणतो, आई गाजर घालत नसे. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "गाजर नाही गं, लाल भोपळा." मग पाच मिनिटांनी तिचाच फोन, "भोपळा मी घालते, ताईचं आठवत नाही." मला मात्र डोळ्यांसमोर तो केशरी रंग दिसतो. आई दोन वाट्यांत सूप वरखाली करून निववतेय, ती केशरी धार दिसते, तो आवाजही ऐकू येतो. पण आपण खोलीवर गाजर घालायचो हेही खरं, साखर संपलेली असायची म्हणून. मग तो रंग कुठला? आईच्या वाटीतला की तुझ्या पातेल्यातला? एकावर एक दोन चित्रं चिकटलीत आणि सोडवायला जावं तर दोन्ही फाटतात.

परवा कुठेतरी वाचलं आणि जळफळाट झाला. अमेरिकेत नेब्रास्कातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या चिकन सुपावर प्रयोगशाळेत काम केलं. सर्दीत ज्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, त्यांची धावपळ त्या सुपानं मंदावते असं नळीत तरी दिसलं. २००० साली वैद्यकीय मासिकात छापून आलं, पाककृतीसकट! कांदे, रताळी, गाजरं, सगळं. कुणा बाईंची आजी लिथुएनियाची, आणि तिच्या सुपात गाजर होतं हे जगाला ठाऊक आहे. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षं सूप करत होती आणि मी साधं गाजर सांगू शकत नाही.

आता खरं सांगते, कशासाठी लिहितेय. आईच्या शेवटच्या आजारपणात तू आली होतीस तो दिवस. मी सूप करून आणलं. तू उशाशी बसून तिला चमच्यानं पाजत होतीस, मी दारात उभी होते आणि मागे कुकरची शिट्टी झाली. आई काहीतरी बोलली. मला फक्त "गाजर घातलंस" एवढंच ऐकू आलं. त्यानंतर ती फारसं खाण्यापिण्याबद्दल बोललीच नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तू कधी सांगितलं नाहीस.

ते "गाजर घातलंस!" होतं, म्हणजे वा, आठवणीनं घातलंस? की "गाजर घातलंस?" म्हणजे हे काय भलतंच? तिनं भुवया उचलल्या होत्या का? पुढचा चमचा घेतला का? मला दारातून तुझी पाठच दिसत होती.

तू म्हणशील, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गाजर घाल किंवा नको घालू, चांगलं लागतंय ना. लेक म्हणाली, "दोन्ही लिही." दोघांचं बरोबरच आहे, म्हणून तर त्यांच्याशी बोलून उपयोग नाही.

तुझा गुडघा कसा आहे? जिने उतरताना कठडा धरतेस का? धाकट्याचं ते मुलाखतीचं काय झालं, आणि नवीन घरात ऊन येतं का? मागच्या पत्रात तू सासूबाईंबद्दल बरंच लिहिलं होतंस, त्यावर सावकाश लिहीन, आज डोकं जाग्यावर नाही. चाळणी अजून तीच आहे का, कडेला तार सुटलेली? असेल तर जपून ठेव, मी कदाचित मागेन.

लेकीचा कागद फ्रीजवर लावलाय. गाजराच्या ओळीपुढे जागा कोरी आहे. ती अठरा तारखेला निघते, त्याआधी कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. ते तुला कधी जमलंही नाही. जे ऐकलंस तेच लिही, आईनं म्हटलं तसं. आठवत नसेल तर तसं लिही.

फोन मात्र करू नकोस. सध्या तो दादा उचलतो आणि तो साक्षीदार फोडल्याशिवाय राहणार नाही.

तुझी,
चोथाबाई