मोडीवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका, सा. न.

नाव कुठे छापायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. पण आभार चारचौघांतच मानणार.

नौपाड्यातल्या आमच्या महिला मंडळाच्या वास्तूचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या दारात गेलो त्यांचं बोलणं अजून डोक्यात आहे. "भिशी नि हळदीकुंकू, त्यात इतिहास कसला?" त्यांच्या लेखी ठाण्याचा इतिहास म्हणजे 1774 मध्ये इंग्रजांनी घेतलेला किल्ला आणि 1853 ची आगगाडी. एका साहेबांनी तर वास्तूच्या बांधकामाच्या आमच्या जुन्या, मोडी लिपीतल्या हिशेबाच्या वहीवर चहाचा कप ठेवला आणि न उघडताच परत सरकवली. डाग अजून आहे.

तुम्ही ती उघडलीत. मोडी म्हणजे आधी पानभर आडवी रेघ, मग तिच्याखाली लेखणी न उचलता ओढलेली अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. गंगाबाई कुठे संपतात नि काशीबाई कुठे सुरू होतात, ते जाणकारालाच कळणार. हिशेब रुपये-आणे-पैचा, म्हणजे 1957 च्या नव्या पैशांआधीचा. विटा, चुना, सुताराची मजुरी तुम्ही झरझर सांगितलीत. वर्गणीच्या पानावर मात्र थबकलात. दर नावाला मान वर करून विचारायचात, "ह्या कोण?" पन्नास रुपयेवालीलाही तेच, आठ आणेवालीलाही तेच. शेजारी बसलेल्या आमच्या आजी सांगत गेल्या: ह्या शाळेतल्या बाई, ह्या सुईण, ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. तिथे त्यांचा पदर डोळ्यांना लागला. तुम्ही वाचायचं थांबवून पाणी मागवलंत आणि त्या बोलेपर्यंत गप्प बसलात.

विद्वान पुष्कळ भेटतात हो, असं विचारणारे कमी. 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. ती जमात काही आटत नाही. त्यात तुमच्यासारखं कुणी चष्मा पुसत पुढे सरकून बसलं की फार बरं वाटतं.

मानधनाचं पाकीट परत केलंत, पोहे मात्र दोनदा घेतलेत! वर्गणीदारांची यादी आता दर्शनी भिंतीवर लागली आहे. जी दोन नावं वाचता आली नाहीत, तिथे तुम्ही अंदाज न ठोकता जागा कोरी सोडलीत. आम्हीही तशीच ठेवली.

आता मुद्द्याचं. माळ्यावरून आणखी एक वही निघाली आहे, कडेला वाळवी लागलेली, पण मोडीच. येत्या गुरुवारी जमेल का? पोहे असतीलच.

आपल्या,
मंडळातल्या सगळ्याजणी