'ऑर्डेट' पाहण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

'ऑर्डेट' लावण्याआधी एवढं वाचा. कार्ल ड्रायरचा हा १९५५ चा डॅनिश चित्रपट, काई मुंक नावाच्या पाद्र्याच्या नाटकावरचा. कृष्णधवल, दोन तासांहून थोडा मोठा. एकेक शॉट मिनिट-मिनिट चालतो, काही त्याहून बरेच लांब. बाबा, कृपा करून पुढे ढकलू नका. या संथ चालीमुळेच ते घर खरं वाटू लागतं, आणि ते खरं वाटलं नाही तर शेवट फसतो.

म्हातारा शेतकरी मोर्टन बोर्गन, त्याचे तीन मुलगे. थोरला मिकेल देव न मानणारा. मधला योहानेस स्वतःला येशू समजतो. धाकट्याला शिंप्याची मुलगी हवी आहे, पण दोन्ही बापांचे पंथ वेगळे. योहानेसचा बारीक, एकसुरी आवाज सुरुवातीला खटकेल. तो मुद्दाम तसा आहे. मध्येच घर सोडून गेलेला योहानेस शेवटी परततो तेव्हा साध्या माणसासारखा बोलतो.

आई, मिकेलच्या बायकोचं, इंगरचं बाळंतपण मध्यावर आहे. दिसत फारसं नाही, ऐकू मात्र येतं आणि मूल वाचत नाही. सहन झालं नाही तर आवाज कमी कर, पण उठू नकोस. त्यानंतर लगेच डॉक्टर मोर्टनला विचारतो, प्रार्थनेनं जास्त गुण आला की माझ्या उपचारांनी? आणि थोड्याच वेळात इंगर जाते.

शेवट सांगून टाकते, कारण हा चित्रपट रहस्यावर चालत नाही. योहानेसच्या हाकेनं इंगर शवपेटीतून उठते. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला मेलेल्या सच्चिदानंदबाबांना उठवलं, त्या कथेला बाबा रूपक म्हणतात आणि तू हात जोडतेस. ड्रायर रूपकाची वाट ठेवत नाही. आधी जोडलेली बोटं हलतात, मग डोळे उघडतात, बस. त्याआधी मिकेलला कुणी समजावतं की ती आता देवाघरी आहे, तेव्हा तो म्हणतो, माझं तिच्या देहावरही प्रेम होतं. म्हणून तिचं त्याला घट्ट बिलगणं चांगलं पाहा. मूल मात्र परत येत नाही. हे ड्रायरनं तसंच ठेवलं, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

बाबा, पाद्र्यावर नजर ठेवा. चमत्कार आता घडत नाहीत असं सांगणारा या गोष्टीत तोच आहे. आणि योहानेसवर विश्वास ठेवते ती फक्त इंगरची लहान मुलगी. यावर तुमचं दोघांचं काय म्हणणं पडतं ते फोनवर सविस्तर सांगा.

तुमची लेक