उपग्रहाचा पाऊस मॉडेलला देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्जन्यमापक नसलेल्या खोऱ्यांतही उपग्रहाच्या पावसावर नदीचे मॉडेल चालवता येते, असे हल्ली वारंवार छापून येते. चालवता येते, हे खरेच. पण मॉडेलला दिलेला पाऊस आधी तपासला नाही तर कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेलचे उत्तर मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून घेताना, त्याची चूक बेमालूम मुरून जाते, ही बाजू राहून जाते. म्हणून हे पत्र.

जमिनीवर पडणारा पाऊस उपग्रहांवरच्या मायक्रोवेव्ह संवेदकांना कळतो तो मुख्यतः ढगातल्या बर्फकणांनी विखुरलेल्या लहरींवरून. वाऱ्याच्या बाजूच्या डोंगरउतारांवर बुटक्या, उबदार ढगांतून फारसा बर्फ न बनताच धो धो कोसळते. तो पाऊस कमी धरला जातो. उलट कोरड्या हवेत थेंब वाटेतच आटतात आणि जमिनीपर्यंत न पोचलेला पाऊसही हिशेबात येतो. म्हणजे चूक सगळीकडे एकसारखी नाही. संपूर्ण खोऱ्याला दुरुस्तीचा एकच गुणक लावणे म्हणूनच धोक्याचे.

जगभरचा पाऊस मोजणाऱ्या जीपीएम या उपग्रह मोहिमेच्या ‘आयमर्ग’ नावाच्या पावसाच्या फायली सर्रास वापरल्या जातात. दर अर्ध्या तासाला एक फाइल, ०.१ अंशाचे चौकोन, विषुववृत्तापाशी बाजू साधारण ११ किमी. आकडे मिमी प्रतितास असतात, तेव्हा दिवसाच्या ४८ आकड्यांची बेरीज करून ती निम्मी करायची. विसरलात की पाऊस थेट दुप्पट. मांडणी आधी रेखांश, मग अक्षांश अशी, आणि अक्षांश दक्षिणेकडून वर चढत जातात. ती नीट फिरवून घेतली नाही तर भलत्याच मुलखातला पाऊस आपल्या खोऱ्यावर पडतो, आणि आकडे दिसतात मात्र अगदी रास्त. उणे ९९९९.९ ही ‘माहिती नाही’ची खूण न वगळता सरासरी काढली तर पाऊस उणे येतो, ही चूक निदान डोळ्यांना खुपते तरी. दिवसाच्या हद्दीची चूक तशी खुपत नाही. फायली जागतिक प्रमाणवेळेच्या, तर पर्जन्यमापकाचा दिवस बहुतेक ठिकाणी सकाळी बदलतो. ताळमेळ घातला नाही तर रात्रीची सर दुसऱ्याच तारखेत जाते आणि चांगला डेटा उगाच बदनाम होतो.

आता मुख्य मुद्दा. कर्व्ह नंबर म्हणजे पावसातले किती पाणी जमिनीवरून वाहून जाईल हे ठरवणारा आकडा; तो जितका मोठा, तितके पाणी कमी मुरते. कर्व्ह नंबर ७५ असलेल्या पाणलोटावर १०० मिमी पाऊस पडला, तर नेहमीच्या सूत्राने अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, ४१ मिमी येतो. उपग्रहाने तोच पाऊस ८० मिमी दाखवला, तर अपधाव २७ मिमी. पावसात २० टक्के तूट, अपधावात जवळपास ३५ टक्के. इथे मॉडेलवाला काय करतो? कर्व्ह नंबर ८४ करतो, आणि विसर्गाचा आलेख मोजलेल्या आलेखावर चपखल बसतो. आडात नसलेले पाणी पोहऱ्यात दाखवण्याची ही कला! त्या वादळापुरते उत्तर जुळले, पण जमीन आहे त्याहून कठीण ठरली. उद्या पावसाचा डेटा सुधारला की तेच मॉडेल खोटा पूर दाखवेल.

त्यामुळे क्रम असा हवा: आधी पाऊस, मग मॉडेल. जे थोडे पर्जन्यमापक असतील त्यांतले काही दुरुस्तीसाठी वापरावेत, काही पडताळणीसाठी हात न लावता ठेवावेत. दुरुस्तीचे गुणक महिन्यागणिक आणि उंचीच्या पट्ट्यांनुसार वेगळे काढावेत. पर्जन्यमापक एकही नसेल, तर निदान वर्षभरात नदीतून वाहिलेले पाणी खोऱ्याच्या क्षेत्रफळाने भागून ते वर्षाच्या पावसाशी ताडून पाहावे. बाहेरून पाणी येत नसताना, बर्फ वितळत नसताना वाहिलेले पाणी पावसापेक्षा जास्त भरले, तर पाऊस तरी कमी धरला आहे किंवा विसर्गाची मोजणी तरी चुकली आहे. कर्व्ह नंबरला हात लावण्याची वेळ तोवर आलेली नसते.

आवृत्तीचा घोळ वेगळाच. आयमर्गची पहिली आवृत्ती सुमारे ४ तासांत मिळते, दुसरी सुमारे १४ तासांत, आणि पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी जुळवलेली अंतिम आवृत्ती तब्बल साडेतीन महिन्यांनी. कॅलिब्रेशन अंतिम आवृत्तीवर करायचे आणि पुराचा इशारा पहिल्या आवृत्तीवर द्यायचा, हे सर्रास चालते. दोन्हींतली तफावत मग थेट इशाऱ्यात उतरते. इशारा ज्या आवृत्तीवर द्यायचा, तिच्याच जुन्या नोंदींवर दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन व्हायला हवे.

अशा मॉडेलच्या अचूकतेची बातमी छापताना पावसाची आवृत्ती कोणती होती आणि पडताळणीचे पर्जन्यमापक वेगळे राखले होते का, एवढे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावेत, ही विनंती.

आपला,
जलविज्ञानाचा एक अभ्यासक